लांब दांड्याची वाकडी करवत: शोभेच्या पामसाठी घ्यावी का?

शोभेचा पाम लावताना कमरेएवढा असतो. दहा-बारा वर्षांत तो पहिल्या मजल्याची गॅलरी ओलांडतो. मग खोडावरचे जुने बुडखे (झावळीच्या देठाचे खोडाला धरून राहिलेले रुंद बूड), त्यांत अडकलेला पाचोळा आणि वर लोंबणाऱ्या वाळक्या झावळ्या यांचं काय करायचं, हा प्रश्न बडोद्यात गोत्री-वासणापासून मांजलपूरपर्यंत सगळ्याच सोसायट्यांत उभा राहतो. हार्डवेअरवाला त्यावर एकच वस्तू पुढे करतो: ओढून लांब होणारा दांडा आणि टोकाला वाकडी करवत, म्हणजे टेलिस्कोपिक पोल सॉ. हे परीक्षण त्या अवजाराचं आहे. जोडीला लागणाऱ्या दोन छोट्या वस्तूंबद्दलही लिहायला हवं, कारण एकट्या करवतीने हे काम पुरं होत नाही.

निकाल आधीच सांगून टाकू. करवत जरूर घ्या. जमिनीवर उभं राहून वाळकी झावळी देठातून कापायला घरगुती साधनांत तिच्याइतकं चांगलं दुसरं नाही. पण खोडाला धरून बसलेला बुडखा तिने काढायला जाऊ नका. तिथे ती झाडाचं कायमचं नुकसान करते, आणि शहरातले कितीतरी पाम याच कारणाने विद्रूप झालेले दिसतात.

कायमचं का, तर आंबा किंवा कडुलिंबाच्या सालीखाली वाढीचा एक थर असतो. जखम झाली की तो कडेकडेने वाढून ती बुजवतो. पाम एकदल, म्हणजे गवत आणि केळीच्या गोतातला. त्याच्या खोडात हा थरच नाही. खोडावर बसलेला कोयत्याचा वार, काट्याचे बूट घालून चढल्याने पडलेली भोकं, करवतीची खाच हे सगळं झाड असेपर्यंत तसंच राहतं, आणि किडीला व बुरशीला तिथून आयती वाट मिळते. आपल्याकडे माळी धारियुं, म्हणजे लांब दांड्याचा कोयता, चालवतात ते याच दृष्टीने वाईट. धारियुं जोरात फिरवावं लागतं, देठाबरोबर खोडालाही लागतं. करवत निदान जिथे टेकवली तिथेच कापते, एवढा तिचा मोठा गुण.

आता खरेदीकडे. दांडा बहुतेक ठिकाणी तीन भागांचा, अॅल्युमिनियमचा मिळतो. मिटलेला साधारण अडीच मीटर, पूर्ण उघडल्यावर सहा मीटरच्या आसपास. ही छापलेली लांबी कामाची लांबी नव्हे. पूर्ण उघडलेला दांडा वर डोलतो, पातं देठावर एका जागी राहत नाही आणि खांदे लवकर भरून येतात. हातात नीट राहणारी लांबी चार ते साडेचार मीटर. शिवाय झाडाच्या थेट खाली उभं राहायचं नसतं. दांडा तिरका, जमिनीशी साधारण ६५ अंशांत धरावा लागतो. साडेचार मीटरचा दांडा त्या कोनात सुमारे चार मीटर उंची देतो, त्यात छातीची उंची धरली की हिशेब साडेपाच मीटरच्या जवळ जातो. म्हणजे अठरा फूट. त्यापेक्षा उंच झाडासाठी ही वस्तू विकत घेऊ नये. स्टुलावर किंवा शिडीवर चढून पोल सॉ चालवणं तर पूर्ण टाळा. कापलेली झावळी दांड्यावरून घसरत थेट माणसावर येते, आणि शिडीवर बाजूला होता येत नाही.

दुकानात दांडा पूर्ण उघडून आडवा धरून बघा. टोक हातभराहून जास्त झुकत असेल तर तो वरही तसाच डोलणार. दांड्याचा छेद लांबट गोल असेल तर घ्या. पूर्ण गोल नळी हातात फिरते आणि पातं देठावर तिरकं बसतं. जोडांवर पिळून आवळायची प्लास्टिकची कॉलर असेल तर सावध राहा. पामच्या भुशाने आणि बडोद्याच्या धुळीने ती कॉलर काही दिवसांत सुटायला लागते आणि वरचा भाग ऐन कामात खाली घसरतो. भोकात बसणारा खटका आणि वर आवळायचा क्लॅम्प, दोन्ही असलेला जोड सर्वांत भरवशाचा.

पातं ३३ ते ३९ सेंटिमीटर लांब, आतल्या बाजूला वाकलेलं आणि ओढताना कापणारं हवं. वाकडेपणामुळे ते देठावर अडकून राहतं, वर जोर द्यावा लागत नाही, दांड्याचं वजनच काम करतं. दात मोठे बघा, तीन सेंटिमीटरला सहा-सात. बारीक दातांत पामचे तंतू अडकतात, आणि मग पातं कापत नाही, नुसतं घासतं. दातांची टोकं निळसर दिसत असतील तर ती तापवून कडक केलेली असतात. अशी धार जास्त टिकते, पण कानशीने पुन्हा लावता येत नाही. पातंच बदलावं लागतं. पामच्या पानांत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे त्याच्यावर कोणतीही धार फांद्यांच्या मानाने लवकर बोथट होते. म्हणून खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न असा विचारा: या करवतीचं सुटं पातं तुमच्याकडे मिळतं का? जपानच्या सिल्की आणि एआरएस, आपल्याकडे लुधियानाची फाल्कन ही बागेच्या अवजारांतली माहितीची नावं आहेत. नाव कोणतंही असो, सुटं पातं मिळत नसेल तर ती करवत स्वस्तातही महाग पडेल.

आणखी दोन गोष्टी. पात्याच्या मुळाशी किंवा टोकाशी छोटी आकडी असलेलं मॉडेल निवडा. देठाला खालून खाच द्यायला आणि अडकलेली झावळी ओढायला ती लागतेच. आणि पातं दोन बोल्टांवर बसलेलं असावं, सहज सुटणारं, कारण ते प्रत्येक झाडानंतर धुवायचं आहे.

फायबरग्लासचा दांडा जास्त सुरक्षित म्हणून विकला जातो. कोरडा आणि स्वच्छ असेपर्यंत तो वीज वाहत नाही हे खरं. दमट झाला, ओल्या भुशाने माखला की त्याचा भरवसा संपला. उन्हात राहून त्याचे तंतूही सुटतात आणि तळहातात शिरतात. दांडा कोणताही असो, विजेच्या तारेपासून दांडा आणि झावळी दोन्ही तीन मीटर लांब राहतील अशीच झाडं हाताने करा. कापलेली झावळी सरळ खाली येत नाही, गिरकी घेत बाजूला जाते, हे अंतर मोजताना विसरू नका. तार झावळ्यांतूनच गेली असेल तर वीज कंपनीला कळवून लाइन बंद करून घ्यावी लागते. लोक अजून तिला जीईबीच (जुनं गुजरात वीज मंडळ) म्हणतात, कंपनीचं नाव आता एमजीव्हीसीएल.

करवत कोणत्या झाडाला चालेल हे खोडाचा वरचा भाग बघून ठरतं.

रॉयल पाम, ज्याला नर्सरीत सर्रास बॉटल पाम म्हणतात, आणि फॉक्सटेल यांच्या शेंड्याखाली हिरवा गुळगुळीत नळा असतो. तो नळा म्हणजे झावळ्यांचे एकमेकांवर गुंडाळलेले बुडखेच. सगळ्यात बाहेरचा वाळला की तो आपोआप सुटून पडतो आणि खोडावर फक्त कडं उरतं. इथे करवतीचं काम नाही. ती लावली तर बाहेरच्या बुडख्याबरोबर आतला हिरवाही कापला जातो. रॉयल पामची झावळी वीस किलोच्या आसपास भरू शकते, त्यामुळे गाडीवर पडेल या काळजीने लोक आधीच कापायला जातात. त्याऐवजी बुडख्याची कड खालून सुटून उभी चीर दिसायला लागली की आकडी अडकवून खाली ओढा. ओढून येत नसेल तर आठ-दहा दिवस थांबा. गाडी मात्र तेवढे दिवस दुसरीकडे लावा.

शिंदी, कॅनरी खजूर, वॉशिंग्टोनिया, चायनीज फॅन पाम यांचे बुडखे असे पडत नाहीत. करवत लागते ती यांनाच.

शिंदीचे बुडखे वर्षानुवर्षं खवल्यांसारखे खोडावर राहतात. दिसायला ते सुंदरच असतात, आणि सगळे सोलून काढायची काही गरज नाही. पण त्यांच्या खाचांत पाचोळा कुजून माती होते, पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-वडाचं बी तिथे पडतं आणि रुजतं. वितीएवढं रोप असताना ते हाताने उपटता येतं. मुळं खोडाभोवती गुंडाळत जमिनीपर्यंत पोचली की शिंदी हळूहळू आवळली जाते. म्हणून शिंदीचे बुडखे निदान वर्षातून एकदा नीट तपासावेत, सैल झालेले काढावेत आणि खाचांतली माती झाडून टाकावी. तिच्या झावळीच्या बुडाशी सुईसारखे लांब काटे असतात. सांध्यात शिरून तुटलेला काटा महिनोन् महिने सूज ठेवतो. जाड चामड्याचे हातमोजे, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा आणि हेल्मेट यांत तडजोड नको.

वॉशिंग्टोनियाच्या देठाला दोन्ही कडांनी वाकडे दात असतात आणि वाळक्या झावळ्यांचा झगा खोडाभोवती लोंबतो. दोन-तीन वर्षांचाच झगा असेल तर जमिनीवरून करवतीने एकेक झावळी काढता येते. त्याहून जुना, जाड झगा असेल तर ते काम जमिनीवरून करूच नका. एकमेकांत अडकलेल्या झावळ्यांचा तो सगळा भार एकदम घसरतो. कॅलिफोर्नियात अशा झग्याखाली सापडून छाटणी करणारे गुदमरून मेले आहेत. असा झगा लिफ्टमधून, म्हणजे माणसाला वर उचलणाऱ्या यंत्राच्या पाळण्यातून, वरून खाली असा कापत यावा लागतो.

चायनीज फॅन पामच्या बुडख्याभोवती तंतूंची तपकिरी जाळी असते. आधी ती जाळी आकडीने फाडून बाजूला केली नाही तर दात लगेच भरतात. सायकसचं खोड तर बुडख्यांचंच बनलेलं चिलखत आहे, तिथे फक्त वाळकं पान कापा, बुडखा जन्मात काढू नका.

आता कापण्याची पद्धत. आधी झाडाभोवती फिरून वर बघा. गांधीलमाशीचं पोळं, घुबडाची ढोली, पाकोळीचं घरटं, खार, काहीही असू शकतं. घरटं दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत थांबायचं. उत्तरायणानंतर झावळ्यांत पतंगाची दोरी गुंतलेली असते. नायलॉनची दोरी असेल तर करवत तिच्यात अडकते आणि ओढल्यावर झावळी दोरीसह अनपेक्षित दिशेला येते, तेव्हा आधी ती दोरी आकडीने तोडून घ्या.

देठाला वरून सरळ कापायला सुरुवात केली की अर्ध्यात झावळी स्वतःच्या वजनाने खाली वाकते आणि खालचे तंतू खोडाच्या दिशेने पट्टीसारखे सोलत जातात. ही चूक सर्रास होते. त्यासाठी पहिली खाच खालून, आकडीने, देठाच्या जाडीच्या पाव भाग. मग दोन बोटं बाहेरच्या बाजूला वरून पूर्ण काप. लांब झावळी असेल तर आधी तिचा निम्मा भाग कापून हलकी करावी. काप ओढताना जोर, परत ढकलताना अजिबात नाही. पाती मोडतात ती जवळजवळ सगळी ढकलताना मोडतात.

देठ किती ठेवायचा यावर वाद खूप होतात. झावळी पूर्ण वाळलेली असेल तर पाच ते दहा सेंटिमीटर, आणि सगळ्या झाडावर सारखाच. हिरवी झावळी कापणं टाळावंच. पण भिंतीला किंवा गच्चीला घासते म्हणून कापावीच लागली तर देठ लांब ठेवा. ताज्या कापाच्या वासाने लाल सोंड्या भुंगा येतो, तिथे अंडी घालतो आणि अळ्या पोखरत गाभ्यात जातात. तमिळनाडू कृषी विद्यापीठाचा सल्ला नारळासाठी आहे: हिरवी झावळी कापायचीच तर खोडापासून १२० सेंटिमीटरवर, म्हणजे अळीला आत पोचता येत नाही. शिंदी आणि कॅनरी खजुरालाही हाच भुंगा लागतो, म्हणून तिथेही हा नियम पाळावा. थोडे महिने झाड विचित्र दिसेल. खुंट वाळला की पुढच्या वर्षी आखूड करा.

उरलेला बुडखा काढायला करवत बाजूला ठेवायची आणि हात वापरायचा. बुडखा कोरडा, तपकिरी आणि हलवल्यावर डुलणारा असेल तरच तो तयार. वॉशिंग्टोनियाचा बुडखा खालून मधोमध चिरून उलट्या व्ही सारखा होतो. त्याची एक तंगडी धरून बाहेर आणि खाली ओढली की निघतो. कडेने तंतू धरून बसले असतील तर गालिचा कापायची आकडी सुरी घ्या, टोक खोडात न रुतवता फक्त वाळक्या तंतूंवरून फिरवा आणि पुन्हा ओढा. वरच्या बाजूला छोटी हातकरवत लागते ती फक्त खुंट एकसारखे करायला. ओढूनही न आलेला बुडखा तसाच सोडायचा. जबरदस्तीने काढला तर खाली पांढरट ओला डाग दिसतो, आणि तो डाग म्हणजे जखमच. नुकतं सोललेलं वॉशिंग्टोनियाचं खोड सुंदर तांबूस दिसतं, म्हणून लोकांना शेंड्यापर्यंत सोलायचा मोह होतो. तो रंग हळूहळू करडा होतोच. शेंड्याखालचा दीड-दोन फुटांचा भाग न सोललेलाच ठेवा, तिथले बुडखे अजून जिवंत असतात.

करवत हातात आली की जास्त कापण्याचीही भीती असते. शेंडा हे घड्याळ मानलं तर नऊ आणि तीनच्या रेषेच्या वर असलेली एकही हिरवी झावळी कापू नये. खालच्या पिवळट, नारिंगी ठिपके पडलेल्या झावळ्याही लगेच काढू नयेत. पालाश कमी पडला की पाम जुन्या पानांतला पालाश काढून नव्याला देतो. ती पानं कापली की त्याचा साठाच जातो, आणि पिवळेपणा वरच्या पानांत चढतो. अशा झाडाला छाटणीपेक्षा खत हवं. पामवर दीर्घकाळ काम केलेल्या फ्लोरिडा विद्यापीठाने नत्र, स्फुरद, पालाशसाठी ८-२-१२ आणि जोडीला ४ टक्के मॅग्नेशियम असं प्रमाण सांगितलं आहे, तेही हळूहळू सुटणारं. आपण नेहमी घालतो त्या १९-१९-१९ पेक्षा हे बरंच वेगळं आहे.

बडोद्यात हे काम जानेवारी अखेर ते मार्च मध्य या काळात आटपावं. हवा कोरडी असते, काप लवकर सुकतात, आणि जूनपासून पाम पोखरणाऱ्या गेंडा भुंग्याचा जोर वाढायच्या आत जखमा वाळलेल्या असतात. कापलेल्या झावळ्या आणि बुडखे शेणखताच्या किंवा कंपोस्टच्या ढिगावर टाकून कुजत ठेवू नका, गेंडा भुंगा अशाच ढिगांत वाढतो.

एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं निर्जंतुक करणं फार कमी लोक करतात, आणि कॅनरी खजुरासाठी ते सर्वांत महत्त्वाचं. फ्युझेरियम मर हा बुरशीचा रोग छाटणीच्या पात्यावरून पसरतो आणि त्यावर इलाज नाही. एक भाग घरगुती ब्लीच, तीन भाग पाणी, पातं पाच मिनिटं बुडवून ठेवायचं, मग साध्या पाण्याने धुऊन पुसायचं. पातं सोडवूनच बुडवा. ब्लीच अॅल्युमिनियमच्या दांड्याला खाऊन खड्डे पाडतं. दोन पाती असली तर एक बुडवलेलं, एक चालू, काम थांबत नाही. शिंदीचा रस गोड असतो, दातांत वाळला की चिकटून गंज धरतो. संध्याकाळी पातं धुऊन, कोरडं करून मशीन ऑइलचं बोट फिरवा. दांड्याचे भाग वेगळे करून आतला भुसा झटका, नाहीतर पुढच्या वेळी खटका भोकात बसत नाही.

पेट्रोलची चेन सॉ या कामाला घेऊ नये असं स्पष्ट मत आहे. तंतू साखळीभोवती गुंडाळतात, ती नीट निर्जंतुक होत नाही, आणि एका क्षणात खोडात उतरते.

अठरा फुटांपेक्षा उंच झाडं असतील तर करवतीचे पैसे वाचवा आणि लिफ्ट असलेला छाटणीवाला बोलवा. काम देण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. काट्याचे बूट घालून चढणार का? पाती कशात बुडवणार? आणि हिरव्या झावळ्या किती काढणार? तिसऱ्याचं उत्तर ‘शेंड्याच्या पाच-सहा ठेवून बाकी सगळ्या’ असं आलं तर दुसरा माणूस बघा.